सोपं आहे गं

"तू सोपं आहे म्हणालीस ना आत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली."

भाची हे म्हणाली तेव्हा आम्ही तोरणा उतरून खिंडीत पोचलो होतो, तिथे वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता डोंगराची सोंड ओलांडून पलीकडे उतरतो आणि रस्ता पार केला की राजगडाचा चढ सुरू होतो. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसून बुटातले खडे झटकत होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, आवाजात राग वगैरे काही नाही, म्हणजे आपण चहात साखर कमी आहे म्हणतो ना, तसं. मी काहीतरी पुटपुटले असणार, अगं तसं नव्हतं वगैरे, मग पाणी कोणाकडे किती उरलंय, कोणाच्या फोनला रेंज आहे या गोंधळात तो विषय तिथेच राहिला. पण पुढे राजगडाच्या संजीवनी माचीचा अख्खा चढ, आळू दरवाजा, रात्री घरी येऊन गरम पाण्यात पाय टाकून बसले तेव्हा, आणि नंतर आठवडाभर ऑफिसात एक्सेल उघडून बसले तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

झालं होतं ते एवढंच. तोरण्याच्या टोकाला बुधला नावाचा सुळका आहे, त्याला वळसा घालून उतरताना एक कातळाचा टप्पा लागतो, तिथे रेलिंग आहे, आणि धरायला लोखंड मिळालं की पुण्याचा माणूस कुठूनही उतरतो, तशी तीही मस्त उतरली. घोळ झाला त्याच्या खाली. तिथे कातळ संपतो आणि मुरमाचा घसारा सुरू होतो, खाली टणक माती आणि वर बारीक गोल खडे, म्हणजे फरशीवर कोणी ज्वारी सांडून ठेवल्यासारखं. डिसेंबर असल्यामुळे गवत पिवळं पडून आडवं झालेलं, तेही निसरडं, आणि उजव्या हाताला मोकळी दरी. खूप खोल वगैरे नाही, पण मोकळी. ती दोन पावलं आली आणि थांबली. मग खाली बसली. मागे रविवारची गर्दी, दहा-बारा जणांची लाईन लागलेली, त्यातला एक जण ब्लूटूथ स्पीकर लावून आलेला (अशा लोकांसाठी गडाच्या पायथ्याशी वेगळा दरवाजा बांधायला हवा, आणि तो बंद ठेवायला हवा), आणि मी तिच्या खाली पंधरा फुटांवर, बाटलीचं झाकण उघडून, पाणी पीत उभी. तिथून मी म्हणाले, "सोपं आहे गं. बसू नकोस, नुसती चालत ये." ती चालत आली नाही. बसून घसरत आली, तळहात सोलले, ट्रॅकपँट मागून फाटली, आणि माझ्यापाशी पोचल्यावर एक शब्द बोलली नाही. मी कौतुक केलं. "बघ, आलीस की नाही!"

खरं सांगायचं तर मला तेव्हा थोडा रागच आला होता. म्हणजे तिचा नाही, पण... हो, तिचाच. कारण घरून निघायच्या आधी माझं तिला सगळं सांगून झालं होतं, बूट घेताना सोबत गेले होते, तिच्या आईला स्पोर्ट्स शूज म्हणजेच ट्रेकिंग शूज वाटत होते, ते भांडण मी सोडवलं आणि ॲक्शनचे शूज घेऊन दिले, त्या रबराची पकड सह्याद्रीच्या दगडावर कशी बसते यावर दुकानात भाषण दिलं. नखं कापायला लावली, कारण लांब उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात, हे सगळ्यांना पहिली नखं गेल्यावरच कळतं. पाणी साडेतीन लिटर, कारण मधल्या सोंडेवर पाण्याचा भरवसा नाही. लेस चढताना जरा सैल, उतरताना घोट्यापाशी घट्ट. एवढी सगळी तयारी करून घेणारी बाई ऐन वेळेला तिला काय देते, तर "सोपं आहे गं".

आपल्याकडे किल्ल्यांच्या माहितीत शेवटी एक ओळ असते बघा, चढाईची श्रेणी. सोपी, मध्यम, कठीण. सोपी म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, लोहगडाच्या पायऱ्या, आणि कठीण म्हणजे काय तेही, अलंग-मदनचं नाव काढलं की दोर आणि हार्नेसचं बोलणं सुरू होतं. मधलं मध्यम म्हणजे मात्र कोणाला काहीच माहिती नसतं. कळसूबाई मध्यम, १६४६ मीटर, महाराष्ट्राचा सगळ्यात उंच डोंगर पण अवघड जागी शिड्या लावलेल्या, नवरात्रात तिथे नऊवारीतल्या बायका अनवाणी जातात. तोरणा-राजगड पण मध्यम, तिथे अवघड असं एकेक पाहिलं तर फार नाही, पण सकाळी पाचला वेल्ह्यातून बॅटरी लावून निघा, बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाई देवीच्या देवळापाशी पोहे, मग अख्खी बुधला माची चालून उतार, मग ती न संपणारी सोंड, आणि सगळं करून दुपारी एक वाजता उन्हात समोर राजगड पहिल्यापासून चढायचाय. आणि हरिहर पण मध्यम, तासा-दीड तासात संपतो, पण त्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या उतरताना तोंड डोंगराकडे करून शिडीसारखं उतरावं लागतं, पायरीच्या बाजूच्या खोबणीत बोटं घालायची आणि पाय खाली हवेत सोडून पुढची पायरी चाचपायची. एकात दम निघतो, एकात पाय, एकात काळीज. शब्द एकच. त्यात परत पाऊस असला तर वेगळं, मे असला तर वेगळं, आणि सगळ्यात वेगळं म्हणजे चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं. सिंहगड-लोहगड करणाऱ्याला वाटतं पुढच्या पायरीला जायचं म्हणजे जास्त दम लागणार, म्हणून तो जिना चढउतार करायला लागतो, पर्वतीवर जातो. दमाचं होतं काहीतरी. लागतं ते पावलाचं, आणि ते पर्वतीच्या पायऱ्यांवर कसं शिकणार?

मी ते कात्रजला शिकले. कात्रज ते सिंहगड, पौर्णिमेच्या रात्री, जुन्या बोगद्याच्या वरून वाघजाईच्या देवळापासून निघायचं आणि एकामागून एक टेकड्या चढत-उतरत पहाटे सिंहगडाच्या रस्त्याला लागायचं. सिंहगड तोपर्यंत मी किती वेळा केला होता याचा हिशोब नाही, बाबांबरोबर लहानपणापासून, आतकरवाडीतून चढायचं, वर गेलं की मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, कांदाभजी, आणि बाबा कायम पुढे, मागे वळून न बघता म्हणणार, "आलंच." लहानपणी मला वाटायचं आलंच हे एखाद्या जागेचं नाव आहे. तर इतक्या वेळा सिंहगड केलेली मी कात्रजच्या तिसऱ्या की चौथ्या टेकडीच्या उतारावर अशी काही आपटले की बस. चढताना मी सगळ्यांच्या पुढे होते. उतारावर घसारा, चांदण्यात सगळे खडे सारखेच चमकतात, आणि मी हातात बॅटरी धरलेली, म्हणजे एक हात गेला. अंग आपोआप मागे रेलतं, डोंगराकडे, वाटतं तिकडे झुकलं की सुरक्षित. आणि मागे रेललं की पाय पुढे निसटतो. तीनदा पडले त्या रात्री. चौथ्या वेळी ग्रुपमधल्या एका वयस्कर बाईंनी माझी सॅक मागून धरली आणि म्हणाल्या, गुडघे वाक, टाच रोव, पावलं छोटी टाक, आणि थोडं घसरलीस तर घसरू दे, दगड आपल्याबरोबर चार इंच येतो आणि थांबतो, त्याला थांबू दे. हे ऐकायला इतकं सोपं... हं. बघा, परत आला शब्द. ऐकायला सोपं आणि पायाला ते समजायला माझे पुढचे दोन पावसाळे गेले.

आणि एकदा समजलं की कधी नव्हतं हे आठवतच नाही. सायकल चालवता न येण्याची भावना कोणाला आठवते का?

पण मला आठवायला पाहिजे होतं. कारण जीवधन झाला होता.

जीवधनला मी गेले ते कात्रजच्या पुढच्या वर्षी. घाटघरकडून. जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, आपल्या कितीतरी गडांचं तेव्हा तेच झालं, गड घ्यायचा आणि परत कोणी वर जाऊन बसू नये म्हणून वाटच मोडून टाकायची. दोनशे वर्षं होऊन गेली त्याला, आणि मला शाळेत इतिहासाच्या पेपरात सनावळी लिहितानासुद्धा कधी वाटलं नव्हतं की त्या १८१८ चा मला व्यक्तिशः त्रास होणार आहे. जिथे पायऱ्या नाहीत तिथे उरतो तो उघडा कातळ, उंचीला फार नाही, पंधरा-वीस फूट असेल. चढताना मी चढले. लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या. वर जाऊन धान्यकोठार बघितलं, टोकावर पालथं पडून वानरलिंगी बघितली, तो सुळका असा काही सरळ उभा आहे की आपण झोपलोय आणि जमीन उभी आहे असं वाटतं, पलीकडे नाणेघाटातला नानाचा अंगठा नावाचा कडा, डबे उघडले, ठेपले, लसणाची चटणी, आणि या सगळ्या वेळात माझ्या पोटात एक गोळा, की तो पॅच उतरायचाय.

उतरताना मी मधे अडकले. दोन्ही हात धरलेले, डावा पाय एका खाचेत, उजवा पाय हवेत, आणि खालची खाच दिसत नाही कारण आपलंच पोट मधे येतं. दोन हात, दोन पाय, या चारपैकी तीन धरलेले असायला हवेत आणि एक हलवायचा, हा नियम मला पाठ होता. तीन धरलेलेच होते. चौथा हलत नव्हता. डावा पाय थरथरायला लागला, शिलाई मशीनसारखा, आणि तो आपला पाय आहे असं वाटेना. कपाळ कातळाला टेकलेलं, कातळाचा वास, तापलेल्या दगडाचा आणि त्यात कुठेतरी वटवाघळांच्या शिटाचा, एक मुंगी माझ्या बोटावरून गेली ती मला अजून आठवते. वरून सगळे सूचना देत होते. उजवीकडे. थोडं खाली. अगं आहे तिथे. काही नाही, सोपं आहे. हो, तिथेही कोणीतरी म्हणालं होतंच. आणि मला आठवतंय की ते ऐकून मला रडू आलं, कारण सोप्पं आहे आणि मला येत नाहीये म्हणजे प्रॉब्लेम कातळाचा नाही, माझा आहे. अवघड जागी घाबरलं तर माणूस घाबरला एवढंच होतं. सोप्या जागी घाबरला तर तो ठार एकटा पडतो.

मग घाटघरचे एक दादा, आमच्याबरोबर वाट दाखवायला आलेले, रबरी बूट घातलेले, ते खालून दोन पावलं वर आले आणि काही एक न बोलता त्यांनी तळहात कातळाला लावला आणि माझ्या हवेतल्या बुटाखाली आणून धरला. पायरी केली हाताची. मी त्या हातावर भार टाकला, चांगला साठ किलोचा, चिखलाच्या बुटासकट, आणि खाली आले. त्यांनी हात पँटीला पुसला आणि पुढच्याकडे वळले. मी थँक्यू म्हणाले की नाही हे मला खरंच आठवत नाही. म्हणाले असेन. पुण्यात आल्यावर मी आईला सांगितलं, जीवधन केला. ऑफिसात सांगितलं, जीवधन केला, रॉक पॅच होता, भारी होता. फोटो टाकले. त्यात वानरलिंगी आहे, ठेपले आहेत, मी दोन्ही हात वर करून उभी आहे. तो हात कुठल्याच फोटोत नाही आणि नंतर हळूहळू गोष्टीतूनपण गेला. मुद्दाम लपवला असं नाही. प्रत्येक वेळी सांगताना गोष्ट थोडी छोटी होते आणि आपण काय गाळतो तर नेमकं ते.

तर खिंडीत काय झालं, की भाची म्हणाली मी राजगडला येत नाही. आमच्यातल्या एका काकांचा गुडघा गेला होता, तेही थांबणार होते, गाडीवाला वेल्ह्याहून खिंडीत येऊन दोघांना घेऊन राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला जाणार असं ठरलं. मी अजिबात आग्रह केला नाही, आणि हे मी समजूतदारपणा म्हणून सांगत असते, पण त्यात थोडं हायसं वाटणंही होतं, कारण तिला घेऊन वेळेत होईना आणि अंधारात गुंजवण्याची वाट मला उतरायची नव्हती. कुठे थांबायचं आणि किती वाजता मागे फिरायचं हे आधी ठरवलेलं बरं असतं, ते वर जाऊन ठरत नाही, वर गेल्यावर पायांना मत असतं आणि डोक्याला नसतं. मी वर गेले. सोंडेवरून मागे बघितलं तर तोरणा एवढा मोठा आडवा पसरलेला, बुधला त्याच्या टोकाला उलट्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा, आणि त्याच्या खालचा तो घसारा इथून नखाएवढा, पिवळट. तिथून कोणीतरी उतरत होतं. रंगीत ठिपके. एक ठिपका बराच वेळ हलत नव्हता. मी लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून बघत बसले, सरबतवाल्या मावशी म्हणाल्या, काय बघता? मी म्हटलं काही नाही. ठिपका हलला. मग मी निघाले.

संध्याकाळी गुंजवण्यात पोचले तर भाची टपरीवर बसून भजी खात होती, तळहाताला हळद लावलेली, तिथल्या काकूंनी दिलेली. काकांना तिने अख्खी दुपार ऐकवलं होतं म्हणे, तोरण्यावर काय काय पाहिलं. घसाऱ्याचं नाही. ते काकांनी मला पुढे गाडीत हळूच सांगितलं, "पोरगी घाबरली होती बरं का." जसं काही मी तिथे नव्हतेच.

मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला. कुठल्यातरी ट्रेक ग्रुपचं पोस्टर फॉरवर्ड केलेलं, नाणेघाट-जीवधन, श्रेणी मध्यम, नाश्ता-जेवण समाविष्ट. खाली तिने लिहिलं होतं, "आत्या कसा आहे हा?" मी टाईप करायला घेतलं आणि 'सो' लिहिल्यावर कीबोर्डने पुढचं आपणहून सुचवलं, सोपं. त्याच्यापुढे आहे. त्याच्यापुढे गं. इतक्या वेळा लिहिलंय म्हणजे मी हे, कोणाकोणाला. पुसलं. मग भाजी गॅसवर ठेवून उभ्या उभ्या सगळं लिहिलं, की चढ ठीक आहे, तुला जमेल, दमाचा प्रश्न नाही. पंधरा-वीस फुटांचा एक पॅच आहे, चढताना त्रास नाही, उतरताना आहे, खालची खाच दिसत नाही. मी तिथे अडकले होते, पाय मशीनसारखा हलत होता, रडले होते, आणि एका दादांनी बुटाखाली हात लावून मला उतरवलं. ग्रुपवाले दोर लावतात का ते आधी विचार. तुझ्या खाली कोण उतरणार तेही विचार. भाजी लागली तोपर्यंत.

दोन तास नुसत्या निळ्या टिका. मग उत्तर आलं. "आजी तर म्हणते तू जीवधन एकटीने चढलीस आणि उतरलीस." त्याच्या खाली हसण्याचे दोन चेहरे. त्याच्या खाली, "तू येणार का? ग्लोव्हज घेऊ का मी?"

मी लिहिलं, येते. ग्लोव्हज नको, कातळ बोटांना कळायला लागतो. पाठवलं, आणि मग तिचे ते हळद लावलेले तळहात आठवले, तर परत लिहिलं, बरं घे, घसाऱ्याला होतील, पॅचपाशी काढ.